दान्तेच्या स्वर्गातलं घड्याळ

आमच्या गल्लीत गणपतीच्या सातव्या दिवशी ऑर्केस्ट्रा असायचा. ऑर्केस्ट्रा म्हणजे दोन गायक, एक गायिका, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि मागच्या बाजूला कीबोर्डवर एक चष्मेवाले गृहस्थ. त्यांच्या कीबोर्डवर बटणांशेजारी चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असत आणि त्यांवर बॉलपेननं लिहिलेलं असे: 'व्हायोलिन', 'बासरी', 'कोरस'. मूळ गाण्यात पन्नास-साठ वादक जे वाजवत, ते हे एकटे उजव्या हाताच्या चार बोटांवर भागवायचे. त्यामुळे 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाला माझ्या लेखी कधी फार मान नव्हता. वर्गणीची पावती आणि भाड्याच्या खुर्च्या, एवढाच त्याचा परिसर.

बर्लिनच्या एका गटाची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. त्यांनी तीस-पस्तीस वर्षं यंत्रं वाजवून जगभर नाव कमावलं आणि मग त्यांना खऱ्या गळ्यांची, खऱ्या व्हायोलिनांची आणि जोडीला चौदाव्या शतकातल्या एका महाकवीची ओढ लागली. गटाचं नाव टँजरीन ड्रीम. एडगर फ्रोझेनं १९६७ साली पश्चिम बर्लिनमध्ये तो काढला. ऑक्टोबर २००१ मध्ये बर्लिनजवळच्या बेर्नाऊ गावातल्या सेंट मारिएन चर्चमध्ये त्यांनी त्या महाकवीच्या, म्हणजे इटलीच्या दान्तेच्या, 'इन्फेर्नो'वर, म्हणजे नरकावर, बेतलेला कार्यक्रम केला. २००२ मध्ये त्याचा अल्बम निघाला. पाठोपाठ २००४ मध्ये 'पुर्गातोरियो', म्हणजे मधला शुद्धीचा डोंगर, आणि २००६ मध्ये 'पारादीसो', म्हणजे स्वर्ग. सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारी वाद्यं, आहेतच, पण पुढे उभ्या आहेत ऑपेराच्या ढंगानं गाणाऱ्या स्त्रिया, आणि नरकातून स्वर्गाकडे जावं तसा ऑर्केस्ट्राचा साज वाढत जातो.

ऐकायला वाईट नाही. काही ठिकाणी तर फारच देखणं आहे, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

दान्तेला कुणी हात लावू नये, असं मी म्हणत नाही. सातशे वर्षांत ज्याला लोकांनी हात लावला नाही असा कवी मेलेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की या गटाकडे दान्तेपर्यंत जाणारा स्वतःचा असा एक रस्ता होता, कुणाकडे नसेल इतका जवळचा. तो सोडून ते लोकांच्या दिवाणखान्यातून गेले. नव्या कलेला मोठेपण हवं असलं की ती जुन्या कलेचे कपडे मागून आणते, आणि आपण, म्हणजे श्रोते, समीक्षक, अनुदान देणारे, सगळे तिला त्याबद्दल शाबासकी देतो. ही शाबासकी थांबवली पाहिजे.

आधी यंत्राबद्दल थोडं. टँजरीन ड्रीमला ज्यानं ओळख दिली तो 'फीड्रा' हा अल्बम १९७४ चा. फ्रोझे, ख्रिस्टोफर फ्रांके आणि पीटर बाउमान हे तिघं १९७३ च्या अखेरीस ऑक्सफर्डशायरमधल्या मॅनॉर स्टुडिओत गेले. फ्रांकेकडे मूग या कंपनीचा कपाटाएवढा सिंथेसायझर होता आणि त्यात सीक्वेन्सर. सीक्वेन्सर म्हणजे काय, तर ओळीनं लावलेले कान पिळायचे खुंटे. मूगच्या ९६० क्रमांकाच्या सीक्वेन्सरमध्ये अशा तीन ओळी असतात, एकेका ओळीत आठ खुंटे. प्रत्येक खुंटा एक विजेचा दाब ठरवतो, तो दाब एक स्वर ठरवतो. यंत्र एकामागून एक खुंटा वाचत जातं, आठवा झाला की पुन्हा पहिला. वाजवणारा स्वर वाजवतच नाही. तो फिरत्या चक्रात हात घालून एखादा खुंटा किंचित पिळतो, आणि पुढच्या फेरीला सगळी ओळ वेगळी भासते. या फेऱ्यांना जो ठोका चालवतो त्या भागाचं धंद्यातलं नाव आहे 'क्लॉक'. घड्याळ. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'फीड्रा'चं मुख्य गाणं सतरा मिनिटांच्या आसपास आहे आणि त्यात एक प्रसिद्ध खोट आहे. मूगचे सर्किट तापले की सूर सरकतो. वाजवता वाजवता खालचा खर्ज हळूहळू बेसूर व्हायला लागला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. आपल्याकडे एखाद्या बैठकीत तानपुरा उतरला तर गवई डोळे मोठे करील. इथे उतरलेला सूरच त्या रचनेचा प्राण झाला. गायक नाही, शब्द नाहीत, नायिकेचं तेवढं ग्रीक नाव. अल्बम ब्रिटनच्या यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत चढला, कुठल्याही जुन्या कलेच्या शिफारशीशिवाय.

आणि देवळांत, चर्चमध्ये वाजवायचा अधिकार त्यांना ऑपेरानं दिला, असंही नाही. १३ डिसेंबर १९७४ ला फ्रान्समधल्या रॅंसच्या कॅथेड्रलमध्ये, जिथे फ्रान्सचे राजे राज्याभिषेक करून घेत त्या जागी, हे तिघं यंत्रं घेऊन बसले होते. मावतील त्याच्या कितीतरी पट लोक आले, शौचालयांची सोय नव्हती, आणि त्या रात्री त्या पवित्र भिंतींचं जे झालं त्यावर पुढे पुष्कळ गदारोळ झाला. पुढच्या वर्षी ते इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री कॅथेड्रलमध्ये वाजवून आले. जुनं कॉव्हेंट्री कॅथेड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी जाळलं होतं. त्याचे अवशेष तसेच राखून शेजारी नवं बांधलं गेलं. फ्रोझे १९४४ चा, तिल्झिटचा, म्हणजे आज नकाशावर जे जर्मनीत नाही अशा गावात युद्धात जन्मलेला मुलगा. त्यानं तिथे बसून काय वाजवलं? स्तोत्रं नाहीत, जर्मनांचा थोर जुना संगीतकार बाख नाही, क्षमायाचनेचं गीत नाही. सीक्वेन्सर. त्या प्रसंगाला याहून गंभीर संगीत कुठलं असतं, मला सुचत नाही.

आता दान्ते. नरक, शुद्धीचा डोंगर आणि स्वर्ग यांतून त्याची स्वतःचीच यात्रा सांगणाऱ्या 'कोमेदिया'चे तीन भाग, १०० सर्ग, १४,२३३ ओळी. तीन-तीन ओळींची कडवी आणि यमकांची साखळी: पहिली आणि तिसरी ओळ जुळते, मधली लोंबकळत राहते आणि पुढच्या कडव्यात जाऊन सापडते, तिथली मधली पुन्हा त्याच्या पुढच्यात. 'तेर्त्सा रीमा' म्हणतात याला. मराठी वाचकाला हे समजवायला फार कष्ट नकोत. ओवीत तीन चरण यमकात बांधून चौथा आखूड आणि मोकळा सोडतात, आणि त्या मोकळ्या चरणावरून पाय पुढच्या ओवीत पडतो. दान्तेनं मोकळी ओळ मध्ये ठेवली, एवढाच फरक. चाल तीच: थांबू न देणारी. तीन ओळींचे खुंटे, फिरतं चक्र, दर फेरीला एक धागा बदललेला. सीक्वेन्सरच्या तीन ओळी हा निव्वळ योगायोग आहे, हे मला कळतं. पण एखाद्या इटालियन शाळामास्तरानं तेर्त्सा रीमा फळ्यावर आकृती काढून दाखवली आणि शेजारी फ्रांकेच्या यंत्राचा नकाशा लावला, तर मुलं कुठली आकृती कशाची विचारतील.

ओवीचं नाव निघालंच आहे तर. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ते साल. त्याच १२९० मध्ये फ्लोरेन्समध्ये बेआत्रीचे वारली, जिच्यासाठी दान्तेनं पुढे स्वर्गापर्यंतची वाट चालली. दोघा कवींचा एकमेकांना पत्ता असणं शक्य नव्हतं, पण दोघांनीही प्रतिष्ठेची भाषा बाजूला ठेवली. एकानं संस्कृत, दुसऱ्यानं लॅटिन. दान्तेनं आपल्या काव्याला 'कोमेदिया' एवढंच म्हटलं. 'दिव्य' हे विशेषण त्याचं नाही. पुढच्या पिढीतला लेखक बोकाच्चो, त्यानं ते कौतुकानं वापरलं आणि मुखपृष्ठावर ते चढलं १५५५ सालच्या व्हेनिसच्या आवृत्तीत, कवी जाऊन दोनशे चौतीस वर्षं झाल्यावर. बाजारभाषेत लिहिलेल्या पुस्तकाला भरजरी शाल पांघरण्याची सुरुवात तेव्हाची. ऑपेराच्या ढंगाचे सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीचे स्त्रीस्वर, हा त्याच शालीचा ताजा पदर.

काव्यात ध्वनी कुठे कसा आहे ते पाहिलं की ही शाल किती चुकीच्या खांद्यावर आहे ते कळतं. दान्तेच्या नरकात संगीत नाही. जाणूनबुजून नाही. दरवाजातून आत गेल्या गेल्या, तिसऱ्या सर्गात, त्याच्या कानावर पडतात ते उसासे, रडणं, आक्रोश. नाना भाषा, भयंकर बोली, संतापाचे उद्गार, चढे आणि घोगरे आवाज, हातांवर हात आपटल्याचे आवाज. या सगळ्याचा मिळून एक कल्लोळ होतो, आणि तो वावटळीतल्या वाळूसारखा त्या काळाबाहेरच्या काळोख्या हवेत कायम गोल फिरत राहतो. हे वाचताना सिंथेसायझर वाजवणाऱ्या कुणाचाही हात आपोआप आवाज गाळणाऱ्या फिल्टरच्या खुंट्याकडे जाईल. खरखर, भोवरा, न संपणारी फेरी: हे सगळं त्या कपाटात तयार आहे.

नरकात वाद्यं भेटतात तीही विटंबनेची. एकविसाव्या सर्गाच्या शेवटी सैतानांच्या टोळीचा नायक कूच करण्याचा इशारा देतो तो आपल्या ढुंगणाची तुतारी करून. (दान्तेचे शब्द याहून मऊ नाहीत. शाळेच्या पुस्तकांत तो भाग गाळत असतील.) तिसाव्या सर्गात खोटी नाणी पाडणारा मास्टर आदाम आहे, जलोदरानं फुगलेला, लूट या वाद्याच्या आकाराचा, कुणीतरी त्याच्या पोटावर बुक्की मारतो तेव्हा ते ढोलासारखं वाजतं. आणि अगदी शेवटी लॅटिन स्तोत्राची एक ओळ येते तीही विडंबन म्हणून. म्हणजे जिथे गाणं असायला हवं तिथे शरीराचे आवाज, आणि जिथे स्तोत्र असायला हवं तिथे चेष्टा.

या जागेत तुम्ही सुरेल, कमावलेला स्त्रीस्वर आणून ठेवलात की पहिल्यांदा काय होतं? नरक सुंदर होतो. दु:ख भव्य होतं, म्हणजेच सुसह्य होतं. बेर्नाऊच्या चर्चमध्ये घुमणारा तो आवाज ऐकताना आपल्याला भीती वाटत नाही, आपण हळवे होतो. दान्ते हळवा होतो तेव्हा त्याचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, त्याला खडसावतो, हे अल्बम काढणाऱ्यांनी वाचलं नसेल असं नाही.

उलट गाण्याची खरी जागा दुसऱ्या भागात आहे. पुर्गातोरियोच्या किनाऱ्यावर नाव लागते आणि तिच्यातले शंभराहून जास्त आत्मे एका सुरात 'इन एक्झितु इस्राएल' हे स्तोत्र म्हणत असतात. सगळे मिळून, एकाच आवाजात. भजनाला बसलेल्या माणसांसारखे, तालमीत घासलेल्या गायकांसारखे नव्हेत. आणि तिसऱ्या भागात, स्वर्गात, जिथे आपण सगळे परंपरेनं वीणा आणि देवदूत शोधणार, तिथे दान्ते काय आणतो? दहाव्या सर्गाच्या शेवटी सूर्याच्या गोलात बारा ज्ञानी आत्मे कडं करून फिरताहेत, गाताहेत. या गाण्याला उपमा हवी. दान्ते उपमा देतो गजराच्या घड्याळाची. पहाटेच्या प्रार्थनेला उठवणारं घड्याळ, ज्याचा एक भाग ओढतो आणि दुसरा ढकलतो, आणि मग, 'तिन तिन सोनांदो', तिन तिन असा आवाज करत, इतक्या गोड स्वरात.

'तिन तिन' हे भाषांतर करावं लागत नाही. आपल्या 'टण टण'चा तो सख्खा भाऊ. चाकांची, दात्यांची घड्याळं तेव्हा युरोपात नुकती उगवत होती. साहित्यात त्यांचा जो अगदी सुरुवातीचा उल्लेख सापडतो त्यांतला हा एक. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर दान्तेनं स्वर्गाच्या संगीतासाठी बाजारात नुकतंच आलेलं यंत्र निवडलं. संतांचं गाणं यंत्रासारखं आहे असं म्हणताना त्याला लाज वाटली नाही. पुढे चोविसाव्या सर्गात तो पुन्हा घड्याळाकडे येतो: एकमेकांत बसवलेली चाकं अशी फिरतात, की बघणाऱ्याला पहिलं स्तब्ध वाटावं आणि शेवटचं उडतंय असं वाटावं. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून 'फीड्रा' लावलं होतं. खाली फ्रोझेचे लांबलचक, हलतात की नाही कळू नये असे स्वर, वर फ्रांकेचा सीक्वेन्सर धावतोय. संथ चाक आणि उडतं चाक, एकाच यंत्रात. १९७४ साली, दान्तेचं नावही न घेता, ते स्वर्गाच्या चोविसाव्या सर्गात पोचले होते. २००६ साली दान्तेचं नाव घेऊन ऑर्केस्ट्राकडे गेले तेव्हा ते चाक त्यांनी मागच्या खोलीत ठेवलं.

यावर एक उत्तर येईल आणि ते वजनदार आहे. ऑपेरा काही दान्तेला परका नाही. उलट ऑपेराचा पहिला कोंभच दान्तेच्या नरकातून फुटला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लोरेन्समध्ये जी मंडळी ग्रीक नाटकाचं गाणं पुन्हा शोधत होती त्यांत विन्चेन्त्सो गॅलिली होता, खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचा बाप. त्यानं १५८२ च्या सुमारास नरकात भेटणाऱ्या उगोलिनोचा विलाप, इन्फेर्नोचा तेहतिसावा सर्ग, एका आवाजासाठी बांधून व्हायल या जुन्या तंतुवाद्यांच्या साथीवर सादर केला. संगीत हरवलं, हकीगत उरली. त्या प्रयोगांतून पुढे वीस वर्षांच्या आत ऑपेरा उभा राहिला. मग इलेक्ट्रॉनिक गटानं तोच धागा पकडला तर बिघडलं कुठे?

बिघडलं इथे: विन्चेन्त्सोच्या काळी प्रतिष्ठेचं संगीत होतं ते अनेक आवाजांच्या गुंफणीचं. त्यात शब्द बुडतात म्हणून त्यानं ते नाकारलं आणि एकच आवाज ठेवला. म्हणजे दान्तेकडे जाताना त्यानं आपल्या काळाची शाल काढली. टँजरीन ड्रीमनं ती पांघरली. दोघांनी गायक घेतला म्हणून दोघांनी एकच काम केलं असं होत नाही.

हंगेरियन संगीतकार लिस्टचं उदाहरण वेगळं. त्याची दान्ते सिम्फनी १८५७ ची. स्वर्ग संगीतात उतरवण्याच्या फंदात पडू नकोस, असं त्याला जर्मन संगीतकार वाग्नरनं सुचवलं होतं, आणि लिस्टनं ते ऐकून शेवटी फक्त स्त्रियांच्या आवाजातलं 'मॅग्निफिकात' हे स्तोत्र ठेवलं. दान्ते म्हटला की बायकांचा कोरस, ही सवय बहुधा तिथून आली. लिस्टच्या हातात ऑर्केस्ट्रा होता म्हणून त्यानं ऑर्केस्ट्रा वापरला. ते त्याचं घरचं हत्यार.

यंत्र आणि जुनं काव्य यांचं लग्न लागतच नाही, असंही कुणी समजू नये. १९५६ साली कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेननं बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातलं, आगीच्या भट्टीत टाकलेल्या तरुणांचं स्तोत्र घेतलं. बारा वर्षांच्या एका मुलाचा आवाज टेपवर घेतला, त्याचे तुकडे केले, आणि विजेच्या आवाजांत असा विरघळवला, की कधी शब्द कळतो, कधी नुसता व्यंजनांचा धूर राहतो. तिथे मुलगा यंत्रापुढे उभा राहून गात नाही. तो भट्टीत आहे, आणि भट्टी यंत्राची आहे. दान्तेच्या जन्माला सातशे वर्षं झाली तेव्हा, १९६५ साली, फ्रेंच रेडिओनं इटालियन संगीतकार बेरिओकडून 'लाबोरिन्तुस दोन' करून घेतलं: कवी एदोआर्दो सांग्विनेतीची संहिता, दान्तेचे तुकडे, बोलणं, ओरडणं, जॅझ, टेप. ऐकायला सोपं नाही, आणि मला ते सगळं आवडतं असंही नाही. पण तिथे नरकात गोंधळ आहे. आणि त्याही पलीकडे, अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोसचा १९६८ चा मूगवर वाजवलेला बाख. मूगला एका वेळी एकच स्वर काढता यायचा, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी वाजवून टेपवर रचावी लागली. लोक म्हणाले, यंत्राला बाखनं प्रतिष्ठा दिली. मला वाटतं तिनं बाखचे कपडे न घेता बाखची बांधणी घेतली: ओळींवर ओळी. ते काम यंत्राला जमणारंच होतं.

इथवरचं सगळं एका गटाच्या एका निर्णयाबद्दल झालं, आणि कलावंताला चुकायचा अधिकार असतो. फ्रोझे तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता; तरुणपणी चित्रकला आणि शिल्पकला शिकलेला, चित्रकार साल्वादोर दालीच्या घरी वाजवून आलेला माणूस. १९८७ मध्येच त्यानं इंग्रज कवी विल्यम ब्लेकच्या कविता गायिकेकडून गाऊन घेऊन 'टायगर' हा अल्बम केला होता, म्हणजे ही ओढ जुनी होती. त्यानं केवळ नावासाठी हे केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण अशा निर्णयांना जो वारा मिळतो तो कुठून येतो, हा सार्वजनिक प्रश्न आहे.

जर्मनीत या प्रश्नाला आकडा आहे. मैफलीच्या तिकिटावर कर ७ टक्के, करमणुकीवर १९. ऑपेरा, ऑर्केस्ट्रा आपोआप पहिल्या रांगेत, वर सरकारी अनुदान. बर्लिनच्या बेर्गहाइन या टेक्नो क्लबला (टेक्नो म्हणजे यंत्रांच्या ठोक्यावर नाचायचं संगीत) कोणता कर लावायचा हे ठरवायला न्यायालयात जावं लागलं, आणि २०१६ साली कॉटबुसच्या कर न्यायालयानं तिथले कार्यक्रम मैफलीसारखे आहेत असा निकाल दिला. लोक मुख्यतः संगीतासाठी येतात की नुसते नाचायला, यावर खल झाला. २०२० मध्ये वरच्या कर न्यायालयानं आणखी एक गोष्ट मान्य केली: डीजे दुसऱ्यांच्या तबकड्या नुसत्या लावत नाही, तबकड्या, मिक्सर ही त्याची वाद्यं आहेत आणि त्यांतून तो नवं काही घडवतो. मग २०२४ च्या मार्चमध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत आली.

मला हे निकाल आवडतात ते टेक्नो आवडतं म्हणून नव्हे (दोन तासांनंतर माझं डोकं दुखतं). आवडतात कारण त्यांत कुणी 'हे ऑपेरासारखं आहे का' असं विचारलं नाही. माणूस यंत्रासमोर उभा राहून काय करतो ते पाहिलं, आणि त्यावरून ठरवलं. न्यायाधीशांनी जे केलं ते समीक्षकांना आणि महोत्सव भरवणाऱ्यांना अजून जमत नाही. जाहिरातीत 'सिम्फनी ऑर्केस्ट्रासह' ही ओळ आली की तिकीट महाग होतं, सूट-टायवाले येतात, वर्तमानपत्राचा शास्त्रीय संगीतवाला पहिल्यांदाच दखल घेतो. टँजरीन ड्रीमचा सीक्वेन्सर दखलपात्र व्हायला त्याच्याशेजारी सोप्रानो उभी राहावी लागते. याला सन्मान म्हणणं मला जड जातं. ही जामीन मागण्याची पद्धत आहे.

आपण या बाबतीत शहाणे आहोत असं समजू नये. आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं पेटीला बंदी घातली होती. परदेशी यंत्र, सूर ठरलेले, मींड निघत नाही. आरोप खोटे नव्हते. पण महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसांनी तोवर पेटीला जे काही बोलायला शिकवलं होतं, ते सारंगीचं सोंग आणून शिकवलेलं नव्हतं. पट्ट्या ठरलेल्या आहेत हे मान्य करून, बोटांच्या लगबगीतून आणि भात्याच्या दाबातून त्यांनी तिची बोली काढली. मींड निघत नाही ना, मग मींडेच्या दोन टोकांमधली जागा अशी भरायची, की ऐकणाऱ्यानं ती मनात ओढावी.

आता जे माझ्या विरुद्ध जातं तेही सांगतो, कारण ते दान्तेनंच लिहून ठेवलं आहे. पुर्गातोरियोच्या त्याच किनाऱ्यावर नावेतून उतरलेल्यांत त्याला कासेल्ला भेटतो, गाणारा जुना मित्र. दान्ते त्याला तीनदा मिठी मारायला जातो आणि तिन्ही वेळा हात रिकामे आपल्याच छातीवर येतात. मग तो म्हणतो, विसरला नसशील तर गा. आणि कासेल्ला दान्तेचीच एक कविता गायला लागतो. व्हर्जिल, दान्ते, सगळे आत्मे डोंगर चढायचा विसरून उभे राहतात. इतक्यात रखवालदार कातो ओरडत येतो, काय चाललंय हे, आळशांनो, आणि दाणे टिपणाऱ्या कबुतरांवर काही धावून यावं तसा सगळा थवा उधळतो.

म्हणजे सुरेल गळ्यानं माणूस वाट विसरतो हे दान्तेला ठाऊक होतं, आणि तो स्वतःही विसरला होता. बेर्नाऊच्या त्या ध्वनिमुद्रणात एक सोप्रानो वर चढते, चर्चची दगडी कमान तिचा स्वर दोन क्षण धरून ठेवते, खाली सिंथेसायझर अदबीनं दबून राहतो, आणि मीही हातातला चहा तसाच धरून उभा राहिलो आहे. एकदा नव्हे. कातोसारखं ओरडायला त्या वेळी मला जमलेलं नाही.

चहा गार झाल्यावर मी बहुतेक वेळा जुना अल्बम लावतो. खर्ज सुरात सुरू होतो, चाकं फिरायला लागतात, आणि काही मिनिटांनी तापलेला मूग हळूच सुरातून खाली घसरू लागतो.